अंगठ्याची पोच



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, राजकारण असे भारदस्त विषय यावयाचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्या पंक्तीत मोबाईल फोनच्या पडद्यावरील बटणे कोठे असावीत, हा विषय पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु जी वस्तू सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री निजेपर्यंत आपल्या हातात असते, जिच्यातून आपण बोलतो, वाचतो, पैसे देतो आणि सातबाराही पाहतो, तिची घडण कोणाच्या सोयीने झाली आहे याचा विचार अशा सभेत करावयाचा नाही, तर कोठे करावयाचा?

प्रश्न दिसावयास साधा आहे. हे यंत्र एका हाताने चालावे काय? चालावयाचे असेल, तर त्यासाठी कशावर पाणी सोडावे लागते? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यावरील कोणती कामे एका हाताने सहज व्हावीत, आणि कोणती सहज होऊ नयेत?

कचेरीत टेबलाशी बसलेल्या माणसाला हा प्रश्न सहसा सुचत नाही. त्यासाठी आपल्या रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले पाहिजे. भाऊच्या धक्क्यावरून आलेली लाँच लागते आहे. माणसांचे चेहरे पाहू नका, हात पाहा. एकाच्या हातात पिशवी आहे, दुसरीच्या कडेवर मूल आहे, तिसऱ्याने कठडा घट्ट धरला आहे. पाटी डोक्यावर घेतलेल्या कोळणीचा एक हात पाटीला आहे. दोर फेकणाऱ्या खलाशाचे दोन्ही हात गुंतले आहेत, तांडेलाचा एक हात सुकाणूवर आहे. समोर करंज्याला जाणाऱ्या तरीतही तीच गत. धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी पाणी हलते, पाय ठरत नाहीत, आणि नेमका त्याच वेळी खिशातला फोन वाजतो. दोन्ही हात रिकामे असलेला मनुष्य या धक्क्यावर विरळाच. मोकळा राहतो तो एक हात; आणि त्या हाताची चार बोटे फोन धरण्यात गुंतली, की कामाला उरतो तो एकटा अंगठा.

धक्क्यावरील माणसाची ही अडचण घटकाभराची आहे. परंतु ज्याचा हात मोडून प्लास्टरमध्ये आहे, त्याची अडचण दीड-दोन महिन्यांची असते. अर्धांगवायूने ज्याची एक बाजू लुळी पडली, किंवा यंत्रात सापडून ज्याचा हात गेला, त्याची तर जन्माची. अडचण तिघांची एकच आहे, आणि एकासाठी केलेली सोय तिघांच्याही उपयोगी पडते. म्हणून एका हाताने चालणारा फोन हा चैनीचा विषय आहे, असे मी मानीत नाही.

आपल्या जुन्या अवजारांनी हा विचार फार पूर्वी केलेला आहे. स्वयंपाकघरातील विळी घ्या. सुरीने चिरताना एक हात सुरीला आणि एक हात भाजीला लागतो. विळीने सुरीचे काम पायाकडे दिले. बाई पाट पायाखाली दाबून बसते आणि तिचे दोन्ही हात भाजी धरावयास, फिरवावयास मोकळे होतात. त्याच विळीच्या टोकाला खवणी असली, की नारळही खवून होतो. अर्थात, या सोयीची किंमतही आहे: जमिनीवर बसावे लागते, आणि गुडघे दुखू लागले की विळी सुटते. ज्याने कोणी विळी घडविली, त्याने आधी विचारले असले पाहिजे की, काम करताना शरीराचा कोणता अवयव मोकळा आहे? कोणत्याही अवजाराची परीक्षा या प्रश्नाने करावी.

बटणांचे जुने मोबाईल या परीक्षेत चांगल्या गुणांनी उतरले होते. 2003 साली निघालेला नोकिया 1100 आपणांपैकी पुष्कळांनी वापरला असेल. जगभर त्याचे 25 कोटींहून अधिक नग विकले गेले. मुठीत मावे, पाठ घसरत नसे, धूळ आत जात नसे, आणि वर विजेरीही होती. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असे, त्यावरून न पाहता अंगठ्याला बाकीच्या बटणांची दिशा कळे. अंकांची ही मांडणी देखील उगाच आलेली नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बटणांच्या अनेक मांडण्या माणसांकडून वापरून घेऊन त्यांचा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष 1960 साली प्रसिद्ध झाला, आणि तीन-तीनच्या तीन ओळी व खाली शून्य ही मांडणी रूढ झाली.

मग आला काचेचा पडदा. त्याने बटणे पुसून टाकली, आणि त्यांच्याबरोबर बोटांचे चाचपणे देखील गेले. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. डोळ्याने पाहिल्यावाचून अंगठ्याला वाट सापडत नाही. शिवाय हा पडदा त्वचेच्या स्पर्शाने विद्युतभारात होणारा सूक्ष्म फरक ओळखतो. पाण्याचा थेंबही तसाच फरक घडवितो, म्हणून मासळीच्या ओल्या हाताने किंवा पावसात तो भलतेच काही ऐकतो. मिळाले तेही थोडे नाही: एकाच काचेवर कळफलक, नकाशा, चित्र आणि वर्तमानपत्र. परंतु देवघेव झाली, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आता अंगठा चालतो कसा ते पाहू. फोन उजव्या हातात धरला, तर अंगठ्याचे मूळ उजवीकडे खाली येते. तेथून तो घड्याळाच्या लंबकासारखा कंस काढतो. त्या कंसावरील जागा सोपी. समोरचा वरचा डावा कोपरा सर्वांत दूर. आणि अगदी मुळाशी असलेला खालचा कोपराही अवघड, कारण तेथे अंगठा दुमडावा लागतो. डावखुऱ्याचे सगळे याच्या उलट. दूरचा कोपरा गाठावयाचा, तर बोटांची पकड सैल करून फोन तळहातावर खाली सरकवावा लागतो. त्याचा तोल जातो तो याच क्षणी. घरात असेल तर तो सतरंजीवर पडेल. लाँचच्या कठड्याशी असेल तर कोठे पडेल, ते या सभेला सांगावयास नको.

लोक खरोखरच एका हाताने फोन वापरतात काय, असे कोणी विचारील. स्टीव्हन हूबर नावाच्या अभ्यासकाने रस्त्यात, गाडीत, दुकानात माणसे कशी फोन हाताळतात याची 1,333 निरीक्षणे 2013 साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी जे प्रत्यक्ष पडद्याला स्पर्श करीत होते, त्यांत 49 टक्के एका हाताने काम करीत होते. 36 टक्के एका हातात धरून दुसऱ्या हाताने, आणि 15 टक्के दोन्ही अंगठ्यांनी. त्यांचे एक सांगणे मला विशेष वाटते: माणसे आपली धरण्याची पद्धत सारखी बदलीत असतात. म्हणजे, जगात एका हाताची माणसे आणि दोन हातांची माणसे अशा दोन जाती नाहीत. घरी आरामात दोन्ही हातांनी वाचणारा मनुष्यच तासाभराने एस्टीत दांडी धरून उभा असतो.

या निरीक्षणानंतर फोन लहान व्हावयास हवे होते. झाले उलटेच. 2007 साली ॲपलचा पहिला आयफोन आला, तेव्हा त्याचा पडदा साडेतीन इंचांचा होता. 2012 साली तो चार इंचांचा झाला, आणि अंगठा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पोचतो, अशी जाहिरात त्याच कंपनीने केली. दोनच वर्षांनी, 2014 साली, तिने 4.7 आणि 5.5 इंचांचे फोन काढले, आणि अंगठा पोचत नाही म्हणून वरचा अर्धा पडदा खाली ओढून आणण्याची युक्तीही सोबत दिली. त्याआधीच, 2011 साली, सॅमसंगने 5.3 इंचांचा नोट आणून वाट मोकळी केली होती. पुढे 2020 आणि 2021 साली ॲपलने लहान फोन करून पाहिले, आणि 2022 च्या नव्या मालिकेतून ते वगळले. आज दुकानात गेलात तर साडेसहा इंचांच्या आसपासचे फोन समोर येतात. स्त्रियांचे हात सरासरीने पुरुषांपेक्षा लहान असतात. तेव्हा या वाढीचा भार कोणावर अधिक पडला, हे उघड आहे.

मात्र सारा दोष कंपन्यांच्या माथी मारून मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही. मोठा पडदा लोकांनी पैसे मोजून घेतला, आणि त्याला सबळ कारणे आहेत. आपल्याकडे कित्येक घरांत संगणक कधी आलाच नाही. फोन हेच दूरदर्शन, तोच संगणक, तीच मुलांची शाळा झाली. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना मोठी अक्षरे हवीत. त्यातही आपली लिपी देवनागरी. तिच्या ओळीला शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरे. इंग्रजी अक्षर ज्या आकारात वाचता येते, त्या आकारात ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतला भेद दिसत नाही. अक्षर मोठे केले, की ओळीत शब्द कमी मावतात आणि पडदा मोठा हवासा वाटतो. म्हणजे भांडण ग्राहक आणि कंपनी यांच्यातले नाही. ते एकाच माणसाच्या डोळ्यांतले आणि हातातले आहे. डोळा म्हणतो मोठा घे, हात म्हणतो लहान घे. दुकानात फोन घेताना आपण बसलेले असतो, दोन्ही हात मोकळे असतात, म्हणून तेथे डोळा जिंकतो. हाताची तक्रार पुढे, लाँचवर सुरू होते.

आता यावर उपाय काय झाले? पडदा लहान होत नाही, तर कामाच्या गोष्टी खाली आणाव्यात, असा विचार निघाला. 2018 साली सॅमसंगने वरचा भाग पाहण्यासाठी आणि खालचा भाग स्पर्शासाठी, अशी पडद्याची वाटणी जाहीर केली. 2021 साली ॲपलने आपल्या सफारी या ब्राउझरमधील पत्त्याची पट्टी वरून खाली आणली. त्यावर इतकी कुरकुर झाली, की ती पुन्हा वर नेण्याची मुभाही द्यावी लागली. सवय ही देखील एक सोय आहे, हे त्यावरून दिसले.

परंतु सगळेच खाली आणावयाचे म्हटले, तर तेथे गर्दी होते. 1954 साली पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने मांडलेला नियम येथे आडवा येतो. लक्ष्य जितके जवळ आणि जितके मोठे, तितका हात लवकर व अचूक पोचतो, असा त्याचा आशय. दहा बटणे अंगठ्याजवळ आणली तर ती जवळ आली खरी, पण लहान झाली. मोठी ठेवली तर चारच मावली. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात दाबण्याची जागा सुमारे 9 मिलिमीटर असावी, असे सांगितले आहे. अंगठ्याखालच्या पट्टीत अशी किती घरे बसतील, ते घरी फूटपट्टी घेऊन पाहा. मग बटणेच काढून टाकून खुणा आणल्या: कडेने बोट ओढले की मागे, खालून वर ढकलले की मुख्य पान. जागा वाचली, पण खूण डोळ्यांना दिसत नाही. नातवाला ती आपोआप समजते. आजीला कोणी तरी शिकवावी लागते, आणि शिकवणारा मुंबईला असतो.

ही ओढाताण सर्वांत तीव्र होते ती मराठी लिहिताना. इंग्रजीची अक्षरे 26. आपल्याकडे नुसती व्यंजनेच तिसाच्या वर, त्यांवर स्वर, त्यांच्या मात्रा आणि जोडाक्षरे. भारतीय लिप्यांसाठी सरकारने 1986 साली इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक ठरविला. त्याची रचना मोठी शहाणपणाची आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, बव्हंशी व्यंजने उजव्या हाताकडे. ‘काकी’ लिहा: उजवा, डावा, उजवा, डावा. ढोलकीवर हात पडावेत तसे दोन्ही हात आळीपाळीने चालतात. परंतु हे शहाणपण दोन हातांचे आहे. तीच मांडणी जशीच्या तशी फोनवर आणली, की एकट्या अंगठ्याला प्रत्येक मात्रेसाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावावे लागते. टेबलावर जो गुण होता, तोच मुठीत दोष ठरला.

मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी या अडचणीला मुळापासून हात घातला. त्यांच्या ‘स्वरचक्र’ या कळफलकावर अक्षरे शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमाने आहेत. ‘क’वर बोट ठेवले, की त्याच्याभोवती का, कि, की, कु असे चक्र उमटते, हव्या त्या दिशेला बोट सरकवून उचलले, की अक्षर तयार. बाराखडीच अंगठ्यापाशी आली, अंगठ्याला बाराखडीकडे जावे लागले नाही. तोटा नाही असे नाही. चक्राचा काही भाग अंगठ्याखालीच झाकला जातो, आणि नवी सवय लावावी लागते. पुष्कळ तरुण तर रोमन अक्षरांत मराठी लिहून मोकळे होतात, आणि इतर लोक बोलून लिहवितात. बोलणे हा हात वाचविण्याचा उत्तम मार्ग आहे. मात्र लाँचच्या इंजिनाशेजारी तो चालत नाही, आणि चारचौघांत घरचा हिशेब मोठ्याने सांगणे कोणाला आवडेल?

आतापर्यंत मी सोयीविषयी बोललो. आता तिच्या दुसऱ्या बाजूकडे येतो, आणि माझ्या मते तीच अधिक गंभीर आहे.

आपल्या भाषेत अंगठ्याचा इतिहास फारसा सुखाचा नाही. एकलव्याचा अंगठा आपण जाणतोच. अक्षरशत्रूला आपण अंगठाबहाद्दर म्हणतो. अंगठ्याची रीत येण्यापूर्वी शेतकरी कर्जरोख्यावर ‘निशाणी नांगर’ करी. काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. खूण करणे मात्र सोपे होते, फार सोपे. त्याचा परिणाम 1875 साली दिसला. 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, आणि गावोगावी लोकांनी सावकारांचे रोखे जाळले. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि तेव्हाचे अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, असे त्यात ठरविले. म्हणजे कायद्याने काय केले? जे काम एका खुणेसरशी होत होते, त्याच्या वाटेत बुद्ध्या एक पायरी बांधली. त्या पायरीने गैरसोय झाली. पण ती गैरसोय शेतकऱ्याच्या बाजूने उभी होती.

आज मान्यतेचे बटण पुन्हा अंगठ्याखाली आले आहे. ‘मला मान्य आहे’, ‘पुढे चला’, ‘पैसे भरा’ ही बटणे पाहा: रुंद, ठळक, अगदी खाली, अंगठा जेथे आपसूक टेकतो तेथे. आणि ‘नको’ हा शब्द? तो बारीक अक्षरांत, वरच्या कोपऱ्यात. पोच ठरविणाऱ्याच्या हाती अशी सत्ता असते. एका हाताची सोय म्हणून आपण जे मागतो, तेच आपल्यावर उलटू शकते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. जे काम नेहमीचे आहे आणि चुकले तर मागे घेता येते, ते अंगठ्याच्या जवळ असावे. जे एकदा झाले की परत फिरत नाही, ते दूर असावे. त्यासाठी थांबावे लागावे, दुसरा हात लागला तरी हरकत नाही. हे अशक्य कोटीतले नाही. 2016 साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये पैसे पाठविताना गुप्त अंक घालावे लागतात. ती अशीच एक पायरी आहे. 2022 साली यूपीआय लाइट आले, तेव्हा सुरुवातीला 200 रुपयांपर्यंतच्या रकमेपुरती ती पायरी काढली आणि मोठ्या रकमेला ठेवली. पुढे ती मर्यादा वाढविली गेली. चहाचे पैसे झटपट, घराचा हप्ता विचाराने, हा त्यातला विवेक आहे.

या नियमाला एक अपवाद मात्र केला पाहिजे, तो संकटाचा. दूरसंचार विभागाने 2016 साली नियम केले, त्यांनुसार स्मार्टफोनचे चालू-बंद करण्याचे बटण लागोपाठ तीनदा दाबले की मदतीची हाक जावी, आणि साध्या फोनवर 5 किंवा 9 चे बटण दाबून धरले की जावी, अशी सोय ठरली. येथे पडदा नाही, पाहणे नाही. अंधारात, ओल्या हाताने, चाचपून करता येईल असे ते काम आहे. चुकून कधी हाक गेली तर माफी मागता येते. वेळेवर गेली नाही तर काहीच करता येत नाही.

सभेत जे तरुण या धंद्यात आहेत किंवा जाणार आहेत, त्यांना माझी विनंती आहे. आपण तयार केलेले ॲप वातानुकूलित खोलीत खुर्चीवर बसून पाहू नका. ते घेऊन रेवसच्या धक्क्यावर या. एका हातात पिशवी घ्या, लाँचमध्ये चढा, हात थोडा ओला करा, आणि मग तिकीट काढून दाखवा. मराठीत आपले नाव लिहून दाखवा. चुकून पैसे जातात काय, तेही पाहा.

आणि गृहस्थाश्रमी मंडळींना एवढेच सांगणे. फोन घेताना तो नुसता पाहू नका. ज्याच्यासाठी घ्यावयाचा त्याच्या हातात द्या, आणि एका अंगठ्याने काय काय पोचते ते तेथेच, उभ्याने, करून पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये एका हाताची सोय बहुधा असतेच. 2021 पासूनच्या अँड्रॉइडमध्ये ती आहे, कळफलकही डाव्या किंवा उजव्या बाजूला सरकवता येतो. रोज लागणारी चार चित्रे खालच्या ओळीत आणून ठेवावयास पाच मिनिटे लागतात. मे महिन्याच्या सुट्टीत मुले-नातवंडे घरी आली आहेत, तोवर हे काम करून घ्यावे.